पुसता येणारी साक्ष

नांदगाव पेठेतील आमचे एक वयोवृद्ध स्नेही, ज्यांनी आयुष्याची पस्तीस वर्षे जिनिंग-प्रेसिंगच्या हिशेबात घालविली आणि ज्यांचे अक्षर सत्तरी उलटल्यावरही कित्त्यातल्यासारखे वळणदार राहिले आहे, यांनी गेल्या पंधरवड्यात चार पानांचे एक टिपण स्वहस्ते लिहून आमच्याकडे अभिप्रायार्थ पाठविले. विषय असा की, गावातील एका वाचनालयाचे जुने दप्तर, म्हणजे सभांची इतिवृत्ते, सभासदांच्या नोंदवह्या, देणग्यांच्या पावत्यांच्या स्थळप्रती आणि एका घराण्याने विश्वासाने सोपविलेली काही हस्तलिखित बाडे, यांची छायाचित्रे घेऊन ती संगणकात भरण्याचे काम तरुण मंडळींनी नुकतेच पुरे केले असून, आता त्यांची नक्कल कशावर उतरवून ठेवावी हा प्रश्न चालक मंडळापुढे आला आहे. स्नेह्यांचे म्हणणे, ती पुनर्लेख्य तबकड्यांवर, ज्यांना बाजारात नुसते ‘आरडब्ल्यू’ म्हणतात, त्यांच्यावर उतरवावी. अशा दहा डीव्हीडी एकदाच विकत घ्याव्यात, दर महिन्याच्या अखेरीस जुना मजकूर पुसून नवा भरावा, आणि हा क्रम अखंड चालू ठेवावा. टिपण सुसूत्र आहे, भाषा संयत आहे, हिशेब पैशापैशाचा आहे. आणि तरीही त्यातील मुख्य सिद्धान्त आम्हांस समूळ अमान्य असल्यामुळे हा प्रतिवाद लिहिणे भाग पडले.

प्रतिपक्षाचे जे खरे असेल ते आधी पदरात घालावे, हा वादाचा जुना शिरस्ता आम्ही मोडू इच्छित नाही. पुनर्लेख्य तबकडी हा हलका माल आहे असा जो समज पसरला आहे तो निराधार असल्याचे टिपणात म्हटले आहे, आणि ते यथार्थ आहे. साध्या, एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. लेसरचा झोत त्यावर जे डाग पाडतो ते कायमचे, परंतु ते रंगद्रव्यच उन्हाने आणि उजेडाने विटत जाते. पुनर्लेख्य तबकडीत रंगद्रव्य नाही. तेथे चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांसारख्यांच्या मिश्रणाचा थर असून, झोताने तो वितळवून झटकन निवू दिला की त्या ठिकाणचा ठिपका अस्फटिक होतो, आणि बेताने तापविला की पुन्हा स्फटिकरूप घेतो. १९९७ च्या सुमारास ही सीडी प्रथम बाजारात आली तेव्हा, हजार वेळा लिहा आणि हजार वेळा पुसा, असा तिचा लौकिक सांगितला जाई, आणि तो अगदीच खोटा नव्हता. खिडकीत विसरलेली साधी सीडी आणि खिडकीत विसरलेली आरडब्ल्यू यांत दुसरीच अधिक दिवस तग धरील, हेही आम्ही नाकारीत नाही. मात्र टिपणात एक गोष्ट राहून गेली आहे, ती येथे रुजू करतो: या मिश्रधातूवरून परत फिरणारा प्रकाश साध्या तबकडीच्या मानाने पुष्कळच मंद, सीडीच्या बाबतीत जेमतेम तिसरा हिस्सा, असतो, आणि म्हणून जुन्या कित्येक यंत्रांना भरलेली आरडब्ल्यू कोरीच वाटत असे.

परंतु हा सारा धातूंचा आणि रसायनांचा ऊहापोह आमच्या मते गौण आहे. मतभेदाचे खरे मूळ ‘नक्कल’ या शब्दाच्या अर्थात आहे. स्नेह्यांच्या मनात नक्कल म्हणजे आजच्या अवस्थेचे आजचे प्रतिबिंब. मूळ बदलले की प्रतिबिंबही बदलावे, नाहीतर ते शिळे. त्यांचे वाक्यच असे आहे की, जुनी नक्कल बाळगणे म्हणजे गेल्या सालचे पंचांग खुंटीला टांगणे होय. आम्हांस नवल वाटते ते याचे की, हे वाक्य पस्तीस वर्षे कीर्द-खतावणी लिहिलेल्या हातातून उतरावे. कीर्दीत रक्कम चुकली तर मुनीम काय करतो? रबर घेऊन खोडत नाही, पान फाडत नाही, मुळात कीर्द पेन्सिलीने लिहीतच नाही. तो उलट नोंद घालून चूक दुरुस्त करतो, म्हणजे चूकही कागदावर राहते आणि दुरुस्तीही राहते, आणि दोहोंच्या तारखा राहतात. तलाठ्याच्या दप्तराचीही हीच रीत. सातबाऱ्यावरचे नाव गेले तरी ते नाहीसे होत नाही. त्याला कंस पडतो, शेजारी फेरफाराचा क्रमांक बसतो, आणि तीन पिढ्यांनंतर कोणी हरकत घेतली तर त्या क्रमांकाच्या दोरीने फेरफार नोंदवहीपर्यंत उतरून जाता येते. जमीन कोणाची आहे एवढेच ज्याला पाहिजे त्याला कंसातले नाव अडगळच वाटेल. पण कोर्टकज्जा उभा राहतो तेव्हा कामास येते ती ही अडगळच. दर महिन्यास पुसून नव्याने भरलेल्या तबकडीला कंस नाही, क्रमांक नाही, मागचे पान नाही. तिला एकच दिवस ठाऊक असतो, शेवटचा.

आणि हे आम्ही ऐकीव सांगत नाही. २००३ पासून आम्ही वऱ्हाडातील शेती आणि कापूस यांच्या बोलीतील शब्दांची एक सूची करीत होतो. डवऱ्याचे भाग, वखराचे भाग, वेचणीच्या बायांच्या तोंडचे शब्द, सणावारांची नावे, असे अकारविल्हे लावलेले काम होते. संगणक जुना, वीज बेभरवशाची. भारनियमनाच्या त्या वर्षांत दिवसाचे किती तास दिवा राहील हे महावितरणाचा तक्ताही छातीठोकपणे सांगत नसे. म्हणून आम्ही दोन आरडब्ल्यू सीडी घेतल्या, एकीवर ‘अ’ आणि दुसरीवर ‘ब’ असे लिहिले, आणि एका शनिवारी एक व दुसऱ्या शनिवारी दुसरी अशा पाळीने संपूर्ण सूची पुसून पुन्हा भरण्याचा क्रम ठेवला. दुकानातला पोरगाही म्हणाला होता, “काका, काहून दरखेपी नवी घेता? हेच पुसा न् पुन्हा भरा.” आम्हांस ते पटले. एके संध्याकाळी फाइल साठवीत असतानाच वीज गेली. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली, पहिली पाने जागच्या जागी दिसली, आणि त्या दिवसांत काम ‘क’ अक्षरावर चालले असल्यामुळे आम्ही पुढे पाहिलेच नाही. तीन शनिवार गेले. चौथ्या आठवड्यात ‘सीतादही’ या शब्दाखाली एक टीप वाढवावयाची म्हणून खाली उतरलो, तो सूची ‘पऱ्हाटी’पाशी संपली होती. पुढे कोरे. कपाटातून ‘अ’ काढली, ती पऱ्हाटीपाशी थांबली. ‘ब’ काढली, तीही पऱ्हाटीपाशी. पऱ्हाटीच्या पलीकडचे शब्द ज्या दोन आजीबाईंनी सांगितले होते त्यांपैकी एक तोवर निवर्तल्या होत्या आणि दुसरींना आमचे नावही आठवत नव्हते.

तबकड्यांचा यात काडीइतकाही अपराध नव्हता. त्या दोन्ही आजही बिनतक्रार उघडतात. आम्ही त्यांना जे सांगितले ते त्यांनी इमानाने केले: चांगली प्रत पुसली आणि मोडकी प्रत जपली.

या ठिकाणी स्नेही म्हणतील, आणि टिपणाच्या दुसऱ्या पानावर त्यांनी तसे सूचितही केले आहे, की हा दोष निष्काळजीपणाचा आहे. भरण्यापूर्वी तपासले असते तर अनर्थ टळता. मान्य. परंतु जी व्यवस्था माणूस कधीही गाफील राहणार नाही या गृहीतावर उभी आहे, ती व्यवस्था कसली? चुका लगोलग कळल्या असत्या तर नकलांची गरजच काय होती? फाइल बिघडते त्या दिवशी आणि बिघाड ध्यानी येतो त्या दिवशी, यांच्यामध्ये जे दिवस जातात, ते कधी तीन आठवडे असतात तर कधी तीन वर्षे. त्या दिवसांच्या आधीची एखादी प्रत हाती असणे, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप असतो. महिन्याने पुसणारास एक महिन्याची मुदत मिळते, आम्हांस दोन आठवड्यांची मिळाली होती.

आता काटकसर. टिपणातील सर्वांत ठसठशीत भाग हाच आहे, आणि सर्वांत ठिसूळही हाच आहे. दहा तबकड्यांत वर्षाला बारा नकला निघतात, एकदाच लिहावयाच्या घेतल्या तर एकशे वीस लागतील, सबब पुनर्लेख्य स्वस्त, असा त्यांचा गुणाकार आहे. गुणाकार बिनचूक आहे. चुकला आहे तो त्यातील बारा हा आकडा. आम्ही नम्रपणे विचारतो, पन्नास वर्षांपूर्वीच्या सभेचे इतिवृत्त पुढच्या महिन्यात बदलणार आहे काय? देणगीदाराच्या पावतीवरची रक्कम दिवाळीपर्यंत वाढणार आहे काय? जे दप्तर कायमचे बंद झाले, ज्यात आता एका अनुस्वाराचीही भर पडावयाची नाही, ते वर्षातून बारा वेळा पुसून बारा वेळा तेच लिहिण्याने साधते काय, तर बारा वेळा धोका पत्करणे. कारण पुसण्याची आणि भरण्याची ती घटका म्हणजे नकलेच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक घटका; पहिली तबकडी पुसली आणि दहावी भरून झाली, या मधल्या अवधीत वाचनालयाच्या हाती पुरी नक्कल एकही नसते. त्यातून झटपट पुसण्याचा जो मार्ग यंत्र देऊ करते, तो बहुधा आरंभीची अनुक्रमणिका तेवढी खोडतो, आणि ते काम एका कळीवर होते. चुकीची तबकडी घातलेली असतानासुद्धा होते. एकदाच लिहिता येणाऱ्या वीस तबकड्या घ्याव्यात, दोन पूर्ण संच करावेत, आणि पुढे एक पैही खर्च करू नये. हा हिशेब त्यांच्याच पद्धतीने मांडून पाहिला तरी अधिक किफायतीचा ठरतो.

हवामानाविषयी टिपणात एक अक्षर नाही, आणि हे वऱ्हाडात राहून लिहिलेले टिपण आहे! अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेने २००३ साली तबकड्यांच्या जतनाविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात साठवणीचे तपमान ४ ते २० अंश सेल्सिअस सांगितले आहे, आणि पुनर्लेख्य तबकड्या दीर्घकालीन जतनासाठी सामान्यतः धरू नयेत असाही निर्वाळा दिला आहे. वीस अंश! आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, अकोल्याचे नाव तर त्या दिवसांत देशभरच्या वर्तमानपत्रांत तापमानासाठीच छापून येते. आणि वाचनालयाचे कपाट आहे पत्र्याच्या छपराखाली. गावाशेजारी औष्णिक वीज केंद्र उभे राहिले, आरंभी ‘सोफिया’ या नावाने अप्पर वर्धा धरणाच्या पाण्यावरून गाजले ते हेच, क्षमता १३५० मेगावॅट. तथापि त्या कपाटात पंखासुद्धा फिरत नाही. तेव्हा कोणतीही तबकडी घेतली तरी ती घरातील सर्वांत गार, अंधाऱ्या खोलीत उभी ठेवावी, तिच्या पाठीवर बॉलपेनने नाव लिहू नये (सीडीचा परावर्तक थर त्या बाजूस वार्निशाच्या पापुद्र्याखाली लगेच असतो, आणि बॉलपेनचे टोक तेथे नांगर धरते), आणि कापसाची धूळ पुसावयाची तर गोल न फिरविता मध्यापासून कडेकडे पुसावी. हे सर्व दोन्ही जातींना लागू आहे, म्हणून त्यावर अधिक वेळ घालवीत नाही.

या वादात आम्हांस राहून राहून आठवते ते रिद्धपूर. नांदगाव पेठेहून उत्तरेकडे, मोर्शी तालुक्यात, तासाभराच्या वाटेवर हे गाव आहे, आणि मराठी भाषा विद्यापीठासाठी आज त्याचे नाव घेतले जाते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा, ज्याने पाहिली वा ऐकली त्याच्याकडे जाऊन, नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन, जमविल्या. महानुभाव परंपरा सांगते की, पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ ग्रंथ हरपला, आणि ज्या शिष्यांना तो मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा करण्यात आला. त्यांत हिराइसांचे नाव आदराने घेतले जाते. आता येथे जे घडले ते नीट पाहण्याजोगे आहे. निरनिराळ्यांच्या स्मरणात पाठ निरनिराळे निघाले. एखादा आटोपशीर वृत्तीचा पुरुष असता तर त्याने अखेरचा पाठ प्रमाण ठरवून बाकीचे पुसून टाकले असते. पंथाने तसे केले नाही. अमुक पाठ हा अमुक्याची ‘वासना’, तमुक पाठ हा तमुक्याची, असे नावानिशी नोंदवून ते शेजारी शेजारी ठेवले, आणि पिढीपाठांची ती परंपरा पोथ्यांतून उतरत आली. मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ आज आपल्या हाती आहे तो अनेक कंठांत राहिल्यामुळे, आणि एका कंठातील पाठासाठी दुसऱ्या कंठातील पाठ कोणी खोडला नाही म्हणून.

त्याच पंथाच्या इतिहासात दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती मात्र आमच्या पक्षासही टोचणारी आहे. पोथ्या सुरक्षित राहाव्यात म्हणून त्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत उतरविल्या गेल्या. पोथ्या राहिल्या, पण पंथाबाहेरच्या मराठी जगाला त्या कित्येक शतके मुक्या झाल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे प्रभृतींनी त्या लिपीची उकल केली तेव्हा कोठे कवाड उघडले. जपलेले आणि वाचता येणारे, ही दोन वेगळी आहेत. आमच्या वाचनालयाची सूची ज्या संगणकीय टंकात केली आहे तो युनिकोडपूर्व काळातला आहे. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांच्या अमदानीत आपण सर्वांनीच असे हजारो मजकूर केले, आणि तो टंक नसलेल्या संगणकावर ते उघडले की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. तबकडी पुनर्लेख्य असो वा अपुनर्लेख्य, आत सकळ लिपी भरून ठेवली तर नातवांना ती उलगडावयास दुसरा राजवाडे शोधावा लागेल. सूची आधी युनिकोडात आणावी, मग तबकडीची जात ठरवावी.

चालक मंडळातील एका तरुण सभासदाने आम्हां दोघांनाही निकालात काढले. “हे समदं ड्राइव्हवर टाका न् मोकळे व्हा,” असे तो म्हणाला, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. लॅपटॉपातून तबकडीचे खाचे नाहीसे झाले. जिच्या तबकड्या आपण गल्लोगल्ली विकत घेतल्या ती ग्रेटर नोएडाची मोझर बेअर कंपनी २०१८ साली अवसायनात निघाली. परंतु दूरच्या गोदामाशी आपला संगणक सतत जुळवून घेणारी जी सोय आहे, तिचा स्वभाव आमच्या ‘अ’ आणि ‘ब’ तबकड्यांहून कितीसा वेगळा आहे? घरची फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाते, घरची बिघडली की तिकडचीही बिघडते. आम्हांस दोन शनिवार तरी लागले, ती दोन पळांत उरकते. जुन्या आवृत्त्या तेथे काही मुदत राहतात खऱ्या, पण मुदत दुसऱ्याच्या हाती असते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरांवर सायबर हल्ला झाला, त्यांतील माहिती कुलूपबंद केली गेली आणि कित्येक दिवस देशातील त्या अग्रगण्य संस्थेचे नोंदणीकाम कागदावर चालले. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती कशातून, तर हल्ल्याची झळ न पोहोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरमधून, असे नंतर शासनाने संसदेत सांगितले. झळ न पोहोचलेली, हे विशेषण आमच्या स्नेह्यांनी आणि त्या तरुण सभासदाने, दोघांनीही, लक्षात घ्यावे. लिहून झाल्यावर जिच्यावर पुन्हा लिहिताच येत नाही अशी कपाटातील तबकडी, कोणत्याही तारेला जोडलेली नसल्यामुळे, त्या विशेषणास आपोआप पात्र असते.

पुनर्लेख्य तबकडीला देशोधडीस लावावे असे आमचे म्हणणे नाही. वाचनालयाची पुस्तक देवघेवीची नोंद रोज बदलते. तिच्यासाठी सात वारांच्या सात आरडब्ल्यू ठेवाव्यात, प्रत्येकीवर वार लिहावा, आणि महिन्याच्या अखेरची प्रत तेवढी एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीवर तारखेनिशी काढून बाजूस ठेवावी. जुन्या दप्तराचे दोन संच करावेत, दुसरा संच गावात न ठेवता अमरावतीस कोणा विश्वासू सभासदाच्या घरी असावा, आणि वर्षातून एकदा, समजा वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी, दोहोंची रुजवात घ्यावी. प्रत्येक फाइलीपासून संगणक एक ठरावीक आकडा काढून देतो. मजकुरातील एक काना जरी हलला तरी तो आकडा सारा बदलतो. हे आकडे कागदावर छापून त्यावर चालकांनी सही करावी आणि दरसाल पडताळावे. खतावणीचा ताळा जमला की नाही हे पाहण्यात ज्यांची हयात गेली त्यांच्याइतका या कामास लायक पुरुष आमच्या गावात दुसरा नाही, आणि हे आम्ही उपरोधाने लिहीत नाही.

टिपण आम्ही या लेखासोबत परत पाठवीत आहोत. ते निळ्या शाईने, आखीव कागदावर लिहिलेले असून त्यात तीन ठिकाणी खाडाखोड आहे, आणि प्रत्येक खाडाखोडीखाली, जुन्या सवयीने, लेखकाची लघुस्वाक्षरी आहे. तिसऱ्या पानाच्या मध्यावर एक अख्खी ओळ काटलेली आहे, कागद उजेडाकडे धरण्याचीही गरज पडत नाही, एका आडव्या रेघेखाली शब्द स्वच्छ वाचता येतात: “मात्र पहिली प्रत कधीही पुसू नये.”